गुलछडीचं पोट

"आणि हे औषध घोड्याला चुकूनही लावायचं नाही," डॉक्टर कामिनी म्हणाल्या, तेव्हा मला हसूच आलं होतं.

"मॅडम, आमच्याकडे बकऱ्या आहेत. घोडं कुठून आणू?"

जनावरांच्या दवाखान्यात मी पियुषला कडेवर घेऊन उभी होते आणि माझे प्रश्न संपत नव्हते. औषध लावल्यावर लेकरानं बकरीला हात लावला तर? त्या दिवशीचं दूध? बादली वेगळी ठेवू का? हातमोजे कोणते? अडीच वर्षांचं पोर घरात असलं की माणूस असंच विचारतं. डॉक्टरांनी न कंटाळता सगळं सांगितलं आणि मी सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. घोड्याचं तेवढं टिपलं नाही.

औषध मात्र जालीम निघालं. बकऱ्यांच्या कानांत, शेपटीखाली द्राक्षांसारख्या लटकलेल्या गोचिडी पटापट गळून पडल्या. उरलेली बाटली मी पियुषचा हात पोचणार नाही अशी कपाटावर ठेवली आणि विसरून गेले.

आमचं घर उमरेड रोडला, नागपूर जिथं संपत संपत येतं तिथं. एकेकाळी घरात हातमाग होता. सासूबाई, गोपिका त्यांचं नाव, लग्न होऊन आल्या त्या थेट मागावरच बसल्या. माग गेला, त्या जागेवर बकऱ्या आल्या. माझा नवरा चेतन हिंगण्याच्या कारखान्यात जातो. आणि दीर जितेंद्र लग्नांमध्ये लायटिंगचं काम करायचे. करायचे म्हणते, कारण यंदा त्यांनी एकदम जाहीर केलं की आता लायटिंग बंद.

"वैनी, लायटिंगवाल्याकडे कोणी पाहत नाही. सगळे घोडीकडे पाहतात."

आणि घेऊनच आले. टेंपोचं मागचं फळकूट खाली पडलं आणि आतून ती उतरली. पांढरी, उंच, मानेवर आयाळ अशी की आमच्या गल्लीतल्या पोरींनी हेवा करावा. पियुष माझ्या खांद्यात तोंड खुपसून, एका डोळ्यानं पाहत होता. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, हे तं माझ्याहून गोरी हाय." नाव ठेवलं गुलछडी. मला रात्रभर झोप नाही. भीतीनं नाही हो, आनंदानं. आमच्या अंगणात घोडी.

पण अंगणात बकऱ्याही होत्या. ओलं गवत होतं, लेंड्या होत्या आणि माश्या होत्या. घरातल्या साध्या माश्या नव्हेत, चावऱ्या. गुलछडीच्या पायांवर, पोटाखाली बसायच्या, रक्त काढायच्या. ती दिवसभर पाय आपटायची, शेपटी मारायची, अंग थरथरवायची. भरीत भर, बकऱ्यांच्या शेजारी राहून तिच्या कानांत गोचिडीही दिसायला लागल्या. आणि पहिली वरात ठरली होती. नवरदेव पाठीवर, पुढं बँड, चहूकडं पोरं, आणि त्यात हिनं लाथ झाडली तर? मी जितेंद्रभाऊजींना दहादा विचारलं असेल. ते म्हणायचे, "तू टेन्शन नोको घेऊ वं वैनी." पण त्यांचाही चेहरा उतरलेला दिसायचा.

वरातीच्या आदल्या दिवशी कामठीहून गिरिधरभाऊ आले. साठीतले, पांढऱ्या मिशांचे, आयुष्यभर घोड्यांत घालवलेले. जितेंद्रभाऊजींना साज चढवायला, आयाळ गुंफायला शिकवायचं म्हणून स्वतःहून आले, वर स्वतःची जुनी मखमली झूलही घेऊन आले. मी पियुषला घेऊन साजाला लावायची गोट्याची झालर आणि घुंगरं आणायला इतवारीच्या बाजारात गेले. दुकानात पियुषनं घुंगरं सोडलीच नाहीत, येताना ऑटोभर छुमछुम. मीही त्याच्यासारखीच नाचत होते मनातून. सोनेरी गोटा घ्यावा की रुपेरी, यावर दुकानदाराशी भांडून आले होते.

फाटक उघडलं आणि वास आला. डांबराच्या गोळ्यांसारखा.

हा वास मला माहीत होता.

गुलछडी अंगणाच्या मधोमध उभी होती, ओली, चमकणारी. अंगावर एक माशी नाही. पाय आपटत नव्हती. शेपटीसुद्धा हलत नव्हती. मान खाली, ओठ लोंबलेला.

"पाह्यलं का वैनी?" जितेंद्रभाऊजी स्पंज पिळत म्हणाले. चेहरा असा फुललेला. "कानापासून खुरापर्यंत लावलं. किती शांत झाली. उद्या बँडवाल्यांनी कानात पिपाणी वाजवली तरी हलणार नाही."

"काय लावलं?"

"तेच. बकऱ्यांचं. कपाटावर होतं ना."

दंगा करणारं लेकरू अचानक गप्प झालं की मी आधी त्याच्याजवळ जाते. कपाळाला हात लावून पाहते, डोळे पाहते. हे शहाणपण नव्हे, ही सवय आहे. मी गुलछडीकडे पाहिलं तेव्हा पाय तसेच तिच्याकडे वळले आणि त्याबरोबर डॉक्टर कामिनींचा आवाज कानात. घोड्याला चुकूनही लावायचं नाही.

"आई, पियुषला घ्या. आत न्या. दार लावून घ्या," मी म्हटलं आणि फोन काढला.

डॉक्टरांनी दुसऱ्या घंटीला उचलला. मी एका दमात सांगितलं.

"आधी धुवा," त्या म्हणाल्या. "साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यांत जाऊ देऊ नका. तुम्ही हातात काहीतरी घाला. ज्यानं लावलं त्यालाही आंघोळ करायला सांगा. गवत अजिबात देऊ नका. मी निघाले."

मग जे झालं ते गल्ली वर्षभर विसरणार नाही. नळाला पाणी नव्हतं. शेजारच्या अंजनाबाईंनी टाकीचा पाइप भिंतीवरून टाकला. मी सगळ्यांच्या हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या. साबणाची वडी फिरवता फिरवता निसटायला लागली तेव्हा मी पियुषच्या बेबी शाम्पूची नवी बाटली फोडली आणि आख्खी तिच्या पाठीवर ओतली. फेसच फेस.

"वं, घोडीले नजर लागू नये म्हणून पावडर पण लाव," अंजनाबाई पाइप धरून म्हणाल्या.

"तुम्ही पाणी मारा हो, शेपटीखाली मारा."

"मले का लाथ मारायची हाय तिनं?"

"लाथ मारली तर मी पेढे वाटीन," मी म्हटलं आणि ते अगदी खरं होतं. खिडकीतून पियुष ओरडून बातम्या देत होता. "घोली आंघोल. घोली गप्प. काका रडते."

काका रडत नव्हते, फेस गेला होता डोळ्यांत. असं ते नंतर म्हणाले.

डॉक्टर स्कूटरवर आल्या तशा थेट घोडीकडे गेल्या. आधी हिरड्या पाहिल्या, मग स्टेथोस्कोप तिच्या कुशीला लावला. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. आम्ही सगळे श्वास धरून. मग त्यांनी नळ्या काढून माझ्या कानांत घातल्या.

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच. घोड्याच्या पोटात कायम गुडगुड चालू असते, पाण्याची मोटर चालल्यासारखी. हे औषध बकरी पचवते. घोड्याचं आतडं मात्र थांबवतं. ती शांत नाही झाली जितेंद्र, ती गुंगीत आहे. आणि आतडं थांबलं की लीद आतच दगड होते. त्यानं घोडं मरतं."

जितेंद्रभाऊजी खाली बसले. तिच्या पुढच्या पायाशी, ओल्या मातीत.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात पातळ औषध सोडलं. "आता पाहायचं एकच," त्या म्हणाल्या. "लीद. पडली, तर जीव वाचला समजा. नाही पडली तर मला कोणत्याही वेळी फोन करा. पाणी ठेवा, अधूनमधून हळूच फिरवा. आणि उद्याची वरात विसरा."

वरातीचा फोन भाऊजींनी माझ्यासमोरच लावला. नवरदेवाच्या मामांचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता.

"मंग आमचा पोट्टा का पायी जाईल?"

"मामा, माझी घोडी मरून राहिली," भाऊजी म्हणाले. एवढंच. पलीकडचा आवाज एकदम खाली आला. दुसरी घोडी पाहतो म्हणाले, आणि मग, कसं वाटते तिले ते कळव गा, असंही म्हणाले.

"गिरिधरभाऊंची घोडी पाठवता येईल ना?" मी सुचवलं.

तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "उरलेलं औषध कुठं ओतलं? नालीत नाही ना?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. "गिरिधरभाऊ घेऊन गेले. त्यांची घोडी लाथाडते ना खूप. हिले शांत झालेली पाहून म्हणाले, मले पण दे. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून देल्लं."

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. चेतनला लावला. तो हिंगण्याहून सुटतच होता, तसाच कामठीकडे निघाला.

इकडे आमची संध्याकाळ त्या पोटाशी बांधलेली. फिरवणं, थांबणं, कुशीला कान लावणं. गुलछडी सोडून माश्या कुठं जाणार होत्या? औषध धुतलं तशा परत आल्या आणि ती इतकी गुंगीत की शेपटीही मारेना. ते पाहवेना. सासूबाई आत गेल्या आणि ट्रंकेतलं लुगडं घेऊन आल्या. सासऱ्यांनी मागावर विणलेलं, नऊवारी, पातळ सुती. त्यांनी ते तिच्या पाठीवरून पोटाखाली असं गुंडाळलं की फक्त डोकं आणि शेपटी बाहेर.

"आई, ते ठेवणीतलं."

"मंग? मी कोठी जाऊन राहिली नेसून?"

मी आतला मोठा पंखा आणून तिच्या पायांकडे लावला. वाऱ्यात माशी बसू शकत नाही, एवढी साधी गोष्ट. भाऊजींनी ओलं गवत आणि लेंड्या फावड्यानं ओढून पार मागच्या खड्ड्यात नेल्या, वर माती टाकली. डॉक्टर जाताना तेच सांगून गेल्या होत्या, माश्या घोडीच्या अंगावर नाही, तुमच्या ओल्या कचऱ्यात जन्मतात. आणि कानांतल्या गोचिडी सासूबाईंनी हातमोजा घालून, बॅटरीच्या उजेडात, एकेक करून वेचल्या. इतक्या की मिठाच्या पाण्याची वाटी भरली.

रात्री भाऊजी तिच्याजवळच पडले. मी पियुषपाशी होते, पण कान अंगणात.

उजाडलं तेव्हा मी पियुषला पॉटीवर बसवून अंगणाच्या दारात उभी होते. आमच्याकडे त्याची शी झाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या अशी पद्धत आहे, नाहीतर तो उठत नाही. भाऊजी घोडीच्या कुशीला कान लावून उकिडवे बसलेले. अचानक त्यांनी हात वर केला.

"वैनी. इकडे ये. लवकर."

मी धावले. कान लावला. आत खोल कुठंतरी, घरंगळत जाणारा आवाज. गुडगुडगुड. मग थांबला. मग परत, आता लांबलचक. मी भाऊजींकडे पाहिलं, ते माझ्याकडे. गुलछडीनं मान उचलली. कान पुढे केले. एक पाय आपटला, चांगला खणखणीत. आणि शेपटी वर गेली.

सासूबाईंनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मग भाऊजींनी. मग भिंतीपलीकडून अंजनाबाईंनी, काय झालं ते न पाहता. पियुष पॉटी सोडून नागडाच धावत आला आणि त्याला वाटलं टाळ्या आपल्यालाच. मी त्या वाफाळत्या हिरव्या ढिगाचा फोटो काढला आणि डॉक्टरांना पाठवला. त्यांनी उलट तीन हसरे चेहरे आणि लिहिलं, 'थोडं हिरवं गवत द्या, मूठभरच. मी येतेच.' जितेंद्रभाऊजी हसत होते आणि हसता हसता त्यांनी तोंड तिच्या मानेत लपवलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

चेतन मात्र रात्रीच रिकाम्या हातानं परतला होता. गिरिधरभाऊंच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, लग्नसराई आहे, घोडी टेंपोत घालून निघाले, आता वरातीमागून वराती, कुठल्या गावाला ते कोणाला ठाऊक. नात सोबत आहे, चार वर्षांची. फोन अजूनही बंद. भाऊजी आज भंडाऱ्याकडच्या मंगल कार्यालयांत विचारत फिरून राहिले आहेत, चेतन कुहीकडे.

म्हणून हे सगळं लिहिते आहे. पुढच्या काही दिवसांत तुम्ही विदर्भात कुठल्याही वरातीत असाल, तर नाचायच्या आधी घोडीवाल्याकडे जा. पांढऱ्या मिशा, साठीतला माणूस, गिरिधर नाव. घोडी पांढरी, कपाळावर तांबूस ठिपका. त्यांच्याकडे कोल्ड्रिंकच्या बाटलीत ताकासारखं पांढरट काही आहे. बाटलीवर काही लिहिलेलं नाही आणि सोबत लहान पोरगी आहे, म्हणून ती आधी उचलून घ्या. घोडीला लावलं असेल तर धुवायला सांगा, जवळच्या डॉक्टरला बोलवा. आणि घोडी फार शांत उभी आहे म्हणून कोणी कौतुक करत असेल, तर ऐकू नका. गिरिधरभाऊंना तेवढं एकदा जाऊन बघा.