मोडलेली तिसरी पिन

मी एक जुना, अंगभर पोचे पडलेला आणि अजूनही रागीट असलेला कॉम्प्युटर आहे. मित्रांनो, जवळ या, पण हात लावू नका. सवय वाईट आहे माझी, मी चावतो. जन्मतः चावरा नव्हतो. मला तसं केलं, ते कसं हेच आज सांगणार आहे.

माझा जन्म १९९८ साली हुबळीत लॅमिंग्टन रोडवर झाला, एका जिन्याखालच्या दुकानात. मी कुठल्या नावाजलेल्या कंपनीचा नाही. चार ठिकाणचे सुटे भाग आणून मला जोडलं. पत्र्याच्या डब्याचं झाकण बसेना, तेव्हा जोडणाऱ्याने त्यावर बुक्की हाणली आणि म्हणाला, "बसलं की बघा!" म्हणजे बारशालाच बुक्की. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिथून मी तारिहाळला एका कारखान्याच्या ऑफिसात गेलो. तिथले मधुकरराव माझ्यावर पत्रं टाइप करत आणि मी अडलो की थोबाडीत देत. थोबाड म्हणजे माझा पडदा, जाड काचेचा, मागे कुबड आलेला. आता खरं सांगतो. माझ्या पोटातलं एक कार्ड सैल होतं. हादरा बसला की ते कधीकधी जागेवर जायचं आणि मी चालू व्हायचो. झालं! "मारल्याशिवाय याला अक्कल येत नाही," असं मधुकररावांनी सगळ्या ऑफिसला सांगून टाकलं. मग शिपाईसुद्धा येता-जाता हाणू लागला. कार्ड नीट बसवायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं पाच वर्षांत कुणाला मिळाली नाहीत.

त्या कारखान्यात प्रभंजन नावाचा वेल्डर होता. २००३ साली ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याने मला मागून घेतलं आणि लुनाला दोरीने आवळून जुन्या हुबळीतल्या आपल्या घरी आणलं. घरात माणसं तीनच. प्रभंजन, त्याची धाकटी बहीण श्रीलक्ष्मी, आणि आईबापांमागे दोघांना वाढवणारी आत्या अंबूताई. भिंतीतल्या सॉकेटला भोकं दोन आणि माझ्या प्लगला पिना तीन. प्रभंजनने पक्कड घेतली आणि तिसरी पिन कटकन मोडली. "हिचं काय काम नाही," म्हणाला.

वेल्डर माणूस तो! ती अर्थिंगची पिन आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. अंगावर चढलेली वीज त्या वाटेने जमिनीत जाते. वाटच मोडली तर ती बसणार कुठे? माझ्या पत्र्यावर. जो हात लावेल त्याला झटका. पहिला झटका त्यालाच बसला. त्याने मला लाथ घातली. मग सिनेमाची सीडी चालेना म्हणून दुसरी लाथ. मग माझ्यावर गोणपाट टाकलं आणि विसरून गेला.

त्याचा हात घरात दुसरीकडेही असाच चालायचा. आमटीत मीठ जास्त झालं की श्रीलक्ष्मीच्या गालावर पाच बोटं उठायची. अंबूताई मधे पडल्या की त्यांना ढकलून द्यायचा. गोणपाटाखालून मी सगळं ऐकायचो. दात असते तर करकरा खाल्ले असते.

एक दिवस श्रीलक्ष्मीने गोणपाट काढलं. ती तीन महिने कॉम्प्युटरच्या क्लासला गेली होती. मी सुरू झालो आणि सवयीने अडलो. म्हटलं, आता पडणार रट्टा! पण तिने प्लग काढला, स्क्रू काढले, पोटात डोकावून ते सैल कार्ड बोटाने दाबून बसवलं. "एवढंच होय रे तुझं दुखणं?" म्हणाली. मित्रांनो, त्या दिवसापासून मी एकदाही अडलो नाही. आणि मी तिला चावू नये म्हणून ती काय करायची? लाकडी पाटावर बसायची, पाय जमिनीला लागू द्यायची नाही. वीज तिच्यातून जायची नाही. अंबूताई हसायच्या, "जेवायला बसल्यागत बसायलीस की गं कॉम्प्युटरपुढे!"

श्रीलक्ष्मीच्या हातात कसुती होती. आमच्या भागातली ही भरतकामाची कला. कापडाचे धागे मोजून टाके घालायचे, गाठ म्हणून मारायची नाही, आणि दोरा निघाला तिथे परत यायचा. गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन असे चाळीस नमुने तिने चौकटीच्या कागदावर काढले होते. तेच तिने एकेक ठिपका मोजून माझ्या पडद्यावर उतरवले. आणि मग ठरवलं, या कामाची स्वतःची वेबसाइट करायची.

शिकाऊच होती ती. पहिल्या पानावर लाल जमीन, पिवळी अक्षरं आणि तीही लुकलुकणारी! अंबूताई म्हणाल्या, "जत्रेतला पाळणा दिसायलाय." दोघी पोट धरून हसल्या. मग तिने ते पुसलं. इरकली लुगड्याच्या काठासारखी एक बारीक पट्टी वर घेतली, खाली पांढरी जागा सोडली, आणि मधे एकच हत्ती ठेवला. सुंदर दिसलो मी! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थोबाडाकडे बघून कुणीतरी "वा गं" म्हणालं.

हे नुसतं हौसेचं नव्हतं. पुण्यातल्या एका कंपनीला साड्यांचे नमुने कॉम्प्युटरवर काढणारी मुलगी हवी होती. साइट पाहून ते ठरवणार होते. नोकरी मिळाली तर ती त्या हाताखालून सुटणार होती. हे अंबूताईंना ठाऊक होतं आणि मला. प्रभंजनला सांगायची सोय नव्हती.

घरी इंटरनेट नव्हतं. तिने पानं फ्लॉपीवर घेतली आणि नाक्यावरच्या कृष्णाण्णांच्या सायबर कॅफेतून चढवली. दसऱ्याला दोन दिवस उरले असताना शेजारच्यांच्या फोनवर पुण्याच्या बाईंचा निरोप आला. "पानं उघडतात, पण एकही चित्र दिसत नाही. परवा दसऱ्याची सुट्टी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी घेतो."

श्रीलक्ष्मी चक्रावली. माझ्यावर तर सगळी चाळीस चित्रं ठसठशीत दिसत होती! दुसऱ्या दिवशी घरकाम उरकून दुपारी कॅफेत जाऊन पाहिलं, तर चित्रांच्या जागी रिकामे चौकोन. कृष्णाण्णा म्हणाले, "अक्का, चित्र इल्ल, नाहीच! तुम्ही प्रत्येक चित्राचा पत्ता तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचा दिलाय की. 'आमच्या कपाटात डावीकडे आहे' म्हणून पुण्याच्या माणसाला सांगितलं तर त्याला कसं सापडणार? जावा, चित्रं घेऊन या. चारपर्यंत दुकान उघडं आहे. चारला माझी पूजा. पूजा झाली की मी यंत्राला हात लावू देणार नाही."

कारण त्या दिवशी खंडेनवमी होती. आपल्याकडे या दिवशी हत्यारं आणि यंत्रं धुऊन-पुसून पूजेला मांडतात. एकदा कुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. बिचारी श्रीलक्ष्मी धावत घरी आली, तर प्रभंजनची पूजा उरकलेली! धुतलेल्या ओल्या फरशीवर एका रांगेत पक्कड, पाने, वेल्डिंगची बंदूक, त्याचा मोठा हातोडा. आणि बुटक्या टेबलावर मी, गळ्यात झेंडूची माळ, कपाळी कुंकू. वर्षभर लाथा आणि आज माळ!

"दादा, मला अर्धा तास लागतोय फक्त," ती म्हणाली.

"आज यंत्राला हात लावायचा नाही. पाप लागतंय."

"दादा, पाया पडते."

"सुम्म बस म्हटलं ना!" कानडीतून गप्प बसवलं आणि पेढे वाटायला बाहेर गेला.

तिने दार लोटून घेतलं. मग पाट ओढला, माझी माळ काढून हळूच बाजूला ठेवली आणि मला नमस्कार करून बटण दाबलं. तिने पत्ते सुधारले. मग फ्लॉपी घालून आधी पानं घेतली आणि चित्रं उतरवायला लागली. तीन वाजून गेले होते. माझा फ्लॉपी-ड्राइव्ह म्हणजे म्हातारी बैलगाडी, कर्र कर्र करत चाललेली. चोवीस चित्रं गेली होती तेव्हा दार उघडलं.

प्रभंजनने तिच्या वेणीला धरून मागे खेचलं. ती पाटावरून हलेना. त्याने एक मुस्कटात दिली, मग दुसरी. तिचा ओठ फुटला. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ती ओरडली, "मार! पण एवढं होऊ दे!" हे ऐकून त्याचं डोकं पुरतं फिरलं. त्याने रांगेतला हातोडा उचलला आणि माझ्या पडद्यावर घातला. धडाम! काच घरभर उडाली. तिच्या कपाळाला एक तुकडा लागला. दिसणं संपलं. पण पडदा म्हणजे मी नव्हे! खालच्या डब्यात मी जिवंत होतो. फ्लॉपीचा हिरवा दिवा अजून लागलेला होता. कर्र कर्र. ती त्या दिव्याकडे बघत राहिली. मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या जोरात कधी धावलो नाही. तेहतीस. सदतीस. चाळीस! दिवा विझला. तिने फ्लॉपी उपटून पोलक्यात घातली आणि बाजूला झाली.

त्याच क्षणी दुसरा घाव माझ्या डब्यावर आला. पत्रा फाडून हातोडा थेट माझ्या पोटात, विजेच्या तारांत. हातोड्याची मूठ लोखंडी पाइपची, त्यानेच वेल्ड केलेली. पाय अनवाणी, फरशी ओली. आणि तिसरी पिन त्यानेच मोडलेली! मी चावलो. पाच वर्षांच्या चपराका, सगळ्या लाथा आणि तिच्या गालावरची सगळी बोटं आठवून चावलो. तो भिंतीवर जाऊन आदळला. घरचा फ्यूज उडाला आणि मी संपलो, पण ऐकू येत होतं.

प्रभंजन भाजलेला तळवा धरून खाली बसला होता. अंबूताई स्वयंपाकघरातून येऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. बोट हातोड्याकडे. "पूजेच्या हत्याराला हात लावला म्हणून पोरीचं तोंड फोडलंस. मग तुझ्या हातात ते काय होतं रे?" अंबूताईंनी श्रीलक्ष्मीच्या कपाळाला पदर दाबला आणि चपला तिच्या पायांपुढे सरकवल्या. "जा. चार वाजायलेत."

ती पोहोचली. कृष्णाण्णा उदबत्ती लावत होते. तिचं तोंड बघून त्यांनी ती बाजूला ठेवली. त्या संध्याकाळी पुण्याच्या बाईंना चाळीसही चित्रं दिसली. दिवाळीनंतर श्रीलक्ष्मी पुण्याला गेली. अंबूताईंनाही मागून घेऊन जाणार होती, पण अंबूताई म्हणाल्या, "अजून एक काम राहिलंय."

ते काम पुढच्या खंडेनवमीला झालं. प्रभंजनने रांग मांडली. अंबूताईंनी मला खाटेखालून ओढून हातोड्याच्या शेजारी ठेवलं. "याला लाव कुंकू." त्याने बोट माझ्यापर्यंत आणलं आणि झटकन मागे घेतलं. प्लग कुठेच लावलेला नव्हता, तरी! शेवटी त्याने बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून अंबूताई पुण्याच्या गाडीत बसल्या.

तुम्हाला वाटेल, मी विरघळलो. छे! माझ्यात एक ठिणगी उरली असती, तर पुन्हा चावलो असतो. मित्रांनो, आम्हाला एक दिवस कुंकू लावू नका. यंत्र असो नाहीतर घरातलं माणूस, अडलं तर झाकण उघडून आत काय सैल झालंय ते बघा. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस हात आवरा. आणि प्लगची तिसरी पिन मोडू नका. मार कुठेतरी साठतच असतो.