बोडीच्या गाळात

केशोरीत भूमेश्वरी आणि तिचा नवरा खुमेंद्र यांचं औषधांचं दुकान होतं. आठवडाभर दोघं काउंटरमागे उभे असायचे. रविवारी मात्र भूमेश्वरी कॅमेरा गळ्यात अडकवून पाखरांमागे हिंडायची. वर्षभर मन मारून शेवटी तिनं लांब पल्ल्याची लेन्स मागवली. हातभर लांब आणि तान्ह्या लेकरागत जड.

त्या रविवारी गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर गाडी थांबली, तेव्हाच तिनं बजावलं, "तुमी मागं येऊ नका. पाखरं उडतात."

"नाई येत. मी पडतो गाडीत," म्हणून खुमेंद्रनं कानात इअरफोन घातले आणि सीट मागे टाकली.

उन्हाळ्याच्या तोंडाला बोडी आटत आली होती. उरल्या पाण्यात कमळपक्ष्यांची जोडी पानांवरून चालत होती. लेन्समधून त्यांची लांबसडक बोटंसुद्धा दिसत होती, पण वजनाची सवय नसल्यानं फोटो हलत होते. अजून थोडं पुढं, अजून थोडं, करत डोळा कॅमेऱ्याला लावूनच ती भेगाळलेल्या गाळावर उतरली. वरची खपली फुटली आणि पाय गुडघ्यापर्यंत खचला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर तोही गेला.

आधी तिला हसूच आलं. पण एक पाय उपसला की दुसरा खोल जाई. मांड्या बुडाल्या तेव्हा हसू विरलं. फोन गाडीत राहिला होता. दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरून ती ओरडली, "अवो! अवो, या ना इकडं!"

कमळपक्षी उडून गेले. गाडीचं दार उघडलं नाही.

तिनं लेन्स गाडीकडे वळवली. खुमेंद्रचा चेहरा एवढा जवळ आला की हात लावावा. मिटलेले डोळे, किंचित उघडं तोंड. ती त्याच्याकडे बघत ओरडत राहिली, घसा बसेपर्यंत. त्यानं झोपेतच गालावरची माशी हाकलली.

डोकं उन्हानं तापलं होतं आणि खाली पाय गार पडत चालले होते. हात भरून आले. कॅमेरा वर धरला तर आपण निघत नाही, हे तिला कधीचं कळत होतं. हात तेवढे ऐकत नव्हते. कंबरेला गाळाचा गारवा लागला तेव्हा तिनं ओठ दाताखाली दाबले, गळ्यातला पट्टा काढला, लेन्स समोर आडवी ठेवली आणि छाती तिच्यावर टाकली. लेन्स आत गेली, पण तेवढ्या आधारानं एक पाय सुटला. बूट आतच राहिला. मग दुसरा पाय. पोटावर सरपटत, बोटं रुतवत ती पाळीला लागली.

काचेवर थाप पडली तसा खुमेंद्र दचकून उठला.

"अगं! काय झालं? कॅमेरा कुठं हाय?"

"मी ओरडून राहिली होती. तुमी झोपून होते."

"तूच म्हणली ना, येऊ नका म्हून..." म्हणत तो दार उघडून खाली उतरला. "थांब, डिक्कीत दोर हाय. कॅमेरा काढून आणतो."

तो निघाला तसा तिनं चिखलानं भरलेल्या मुठीत त्याचा शर्ट धरला.

"नका जाऊ. बसा इथंच."

तो पाळीवर तिच्याजवळ बसला. शर्ट तिनं बराच वेळ सोडला नाही.