तेल पाजलेलं चामडं

होबर्ट टॅकेटच्या पलंगाखाली एक खोका होता आणि खोक्यात अकरा होल्स्टरं होती, पिस्तूल खोवायची कमरेची म्यानं. कमरेला पिस्तूल लावणाऱ्या आमच्या डोंगरातल्या प्रत्येक माणसाकडे असा खोका असतोच, कोणी कबूल करो वा न करो. दर खेपेला वाटतं, हे आता शेवटचं. मग ते बसल्यावर बरगडीत टोचतं, नाहीतर सदऱ्याखालून फुगवटा दिसतो, की चाललं खोक्यात. होबर्टची बायको लोरीन म्हणायची, "मला चपलांचे दोन जोड, आणि ह्यांच्या बंदुकीला अकरा कपडे!" लोरीन जाऊन तीन वर्षं झाली होती. टोमणे मारणारं घरात कोणी उरलं नाही, खोका मात्र होता तिथेच राहिला.

मिस्टी ही त्याची एकुलती एक लेक, चौतीस वर्षांची, खाली गावातल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. तिचा नवरा डस्टिन. त्याला दारू नाही, जुगार नाही, नुसता राग. ती पहिल्यांदा बॅग घेऊन माहेरी आली तेव्हा होबर्टनेच तिला गाडीत घालून परत नेऊन सोडलं होतं. "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच," असं तो तेव्हा म्हणाला होता. पुढे दोन वर्षांनी डस्टिनने तिचा जबडा मोडला. पोरीने बापाला एका शब्दाने कधी काही ऐकवलं नाही, आणि तेच होबर्टला जास्त लागलं होतं. तिने भांडून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला शंभरदा वाटलं.

आता घटस्फोट झाला होता. डस्टिनने तिच्यापासून पाचशे फुटांच्या आत यायचं नाही, असा कोर्टाचा कागदही होता. मग तो सहाशे फुटांवर ट्रक लावून बसायचा, तिच्या दुकानासमोर. कागद काय, कागद गोळी अडवतो का? शेरीफच्या कचेरीला फोन केला तर आमच्या खोऱ्यात पोलीस पोचायला चाळीस मिनिटं, तीही रस्ता कोरडा असेल तर. म्हणून होबर्टने आपली मासेमारीची होडी विकून लेकीला एक छोटं पिस्तूल घेऊन दिलं, तळहाताएवढं. चालवायलाही शिकवलं. आता ते अंगावर बाळगायला तेवढं होल्स्टर हवं होतं.

ओपल ब्लेव्हिन्सच्या दुकानात पुढे गळ आणि गांडुळं, मागे बंदुका. बाई सत्तरीची, तोंडाने तिखट. तिने काउंटरवर तीन होल्स्टरं मांडली.

"हे पंधराला," ती म्हणाली. "कापडी. पण पोरी, हे होल्स्टर नव्हे, हा मोजा आहे. मोज्यातच ठेवायचं तर घरचा घे, फुकट पडेल. हे चामडी नव्वदला. ह्याला नुसतं बघायला पैसे पडत नाहीत, तेव्हा बघून घे."

"आणि हे काळं?" मिस्टीने विचारलं.

"चाळीस. कडक प्लास्टिक." ओपलने पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, मिस्टीलाही तपासायला लावलं आणि मग होल्स्टरात सारलं. टच्‌ असा आवाज आला. तिने ते उलटं धरून गदागदा हलवलं. "पडतंय का? नाही. चाप दिसतोय? तोही नाही. चाप असा झाकलेला हवा, की कपड्याचं टोक काय, उंदराची शेपटीसुद्धा तिथे पोचू नये. आणि हे बघ, पिस्तूल काढलं तरी ह्याचं तोंड उघडंच्या उघडं. आंधळ्यानेही पिस्तूल परत आत घालावं असं आहे."

मग तिने मिस्टीला ते कमरेला लावून खुर्चीवर बसवलं, वाकायला लावलं, बुटाची नाडी बांधायला लावली. मिस्टी उठली आणि सदरा खाली ओढून आरशात बघू लागली. काही दिसत नव्हतं. ती जराशी हसली. मोडलेल्या जबड्यामुळे तिचं हसू एका बाजूने यायचं.

"प्लास्टिक!" होबर्ट नाक मुरडत म्हणाला. "ओपल, माझ्या बापाच्या खेचरांचा साज चाळीस वर्षं टिकला. प्लास्टिकचा नव्हता तो."

"तुझ्या बापाच्या खेचरांच्या साजाला चाप नव्हता, होबर्ट."

"घरी खोका भरलाय माझा आणि इथे चाळीस डॉलर मोजू? मी देतो हिला. ह्या कचकड्याच्या डबीपेक्षा हजारपट चांगलं."

मिस्टीने एकदा बापाकडे बघितलं, एकदा त्या काळ्या होल्स्टरकडे, आणि मुकाट्याने ते कमरेचं काढून काउंटरवर ठेवलं. "डॅडी देतील," ती म्हणाली.

"खोक्यातलं देणार असशील तर कडक बघून दे," ओपल म्हणाली. "मऊ पडलेलं देऊ नकोस बाबा. मऊ चामड्याचं तोंड मिटतं. पिस्तूल आत घालताना कड दुमडून चापाशी गेली, की संपलं."

"मी पिस्तूल बांधायला लागलो तेव्हा तू ह्या दुकानात गांडुळं मोजत होतीस!"

"अजूनही मोजते. गांडुळं निदान ऐकून तरी घेतात."

घरी येऊन होबर्टने खोका उपसला. सगळ्यात खाली ते तपकिरी होल्स्टर होतं, आपल्या जुन्या छोट्या पिस्तुलाला त्याने स्वतः वीस वर्षं वापरलेलं. सुकून जरा ताठलं होतं, कडेला भेगा पडल्या होत्या. देवाने त्याला त्या क्षणी जरा अक्कल दिली असती तर त्याने ते तसंच ताठ ठेवलं असतं. पण लेकीला टोचू नये, तिची कातडी सोलू नये, म्हणून त्याने बापाच्या वेळची तेलाची बाटली काढली. खेचरांच्या साजाला दरसाल ते तेल पाजायचे. साज मऊ नसला तर जनावराचा खांदा सोलवटतो, म्हणून साज मऊच हवा. होल्स्टर ताठ हवं. ही साधी गोष्ट, पण ज्याच्या हाताला लहानपणापासून साजाची सवय त्याला चामडं म्हटलं की तेल एवढंच सुचतं. तीन दिवस तो परसात उन्हाला बसून ते चोळत होता. चौथ्या दिवशी ते लोण्यासारखं झालं. जबडा मोडल्यापासून पहिल्यांदाच आपण लेकीसाठी काहीतरी धड केलं असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

मिस्टीने ते घेतलं, हुंगलं. "डॅडी, ह्याला तुमचा वास येतोय."

"टोचतंय का?"

"छे. अंगावर आहे हेसुद्धा कळत नाही."

तेव्हापासून रविवारचा एक नेमच झाला. होबर्ट चर्चमधून शेवटच्या भजनाआधीच सटकायचा आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायचा: घेवड्याचं पातळ कालवण, तळलेली कोंबडी आणि लोरीनच्या बिडाच्या तव्यातला मक्याचा ब्रेड. मागून मिस्टीची गाडी यायची. गाडी थांबली तरी ती दोन मिनिटं आतच बसायची, मग उतरायची. होबर्ट दारातच विचारायचा, "आहे ना अंगावर?" ती सदऱ्याची कड उचलून दाखवायची. तपकिरी चामडं दिसलं की ह्या माणसाचा चेहरा असा खुलायचा, की बघणाऱ्याला वाटावं ह्याला लॉटरी लागली.

"गाडीत काय करत बसतेस गं एवढा वेळ?" एकदा त्याने विचारलं.

"लिपस्टिक लावते. तुमच्यासारख्या देखण्या माणसाकडे जेवायला यायचं म्हणजे!"

असे चार रविवार गेले.

पाचव्या रविवारी ब्रेड जरा लवकरच झाला. होबर्टने तवा टेबलावर ठेवला, लोणी काढलं. गाडी आल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं. एक मिनिट गेलं. ब्रेडवरची वाफ विरायला लागली. होबर्ट तसाच हातात पळी घेऊन दारात आला आणि ओरडला, "मिस्टी! अगं निवतंय सगळं! चल लवकर!"

"आले, आले!" गाडीतून आवाज आला.

तो आत वळला आणि बार झाला.

डस्टिन. दुसरं काही होबर्टच्या डोक्यात आलंच नाही. दोन वर्षं ज्या आवाजाची वाट बघत तो रात्रंदिवस कान लावून बसला होता, तोच आवाज. पळी टाकून त्याने भिंतीवरची बंदूक घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडला. आधी कोठाराकडे धावला, तिथून कुंपणाच्या कडेने झाडीकडे. "बाहेर ये, भडव्या! बाहेर ये!" झाडीत कोणी नव्हतं. पानही हलत नव्हतं. तो कोठाराला पूर्ण वळसा घालून पुढच्या अंगणात आला, बंदूक खांद्याला लावून, पाऊल मोजत, आणि तेव्हा कुठे गाडीपाशी पोचला.

मिस्टी दोन्ही हातांनी मांडी दाबून बसली होती. बोटांमधून रक्त थांबत नव्हतं. खालची चटई भरून गेली होती.

"डॅडी," ती म्हणाली, "तो नाहीये इथे. माझ्याच हातून झालं."

शेजारच्या सीटवर काहीतरी काळं पडलं होतं. गुडघा टेकायला जागा हवी म्हणून होबर्टने ते उचलून खाली फेकलं. आपला पट्टा काढून तिच्या मांडीला आवळला, जीव खाऊन आवळला. फोन केला. ॲम्ब्युलन्स सव्वीस मैलांवर होती. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. एकदा ती म्हणाली, "जेवण निवलं ना?" त्यानंतर तिने काही म्हटलं नाही.

शेरीफच्या डेप्युटीने सगळं होबर्टला नीट सांगितलं, टोपी काढून, हळू आवाजात. मऊ चामड्याची कड आत दुमडली, चापाशी अडकली, वरून पिस्तूल दाबलं गेलं. आणि डस्टिन? होबर्टने दोनदा विचारलं. डस्टिन तीन आठवड्यांपूर्वीच इंडियानाला कामाला गेला होता आणि त्या रविवारी तिथेच होता. होबर्टला तो इथे असायला हवा होता. वाईट वाटून घेऊ नका, पण त्या बापाने मनातल्या मनात देवाला हेच मागितलं, की डस्टिननेच मारलेलं निघू दे.

दफन झालं. आमच्याकडे रीतच आहे, दुःख झालेल्या घरी चूल पेटू द्यायची नाही, तेव्हा टेबलावर झाकलेल्या भांड्यांची रांग लागली. सगळे गेल्यावर ओपल शेंगांच्या भाजीचं भांडं घेऊन आली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिखट तोंड आज बंद होतं.

"बोल," होबर्ट म्हणाला. "तू सांगितलं होतंस. मी चाळीस डॉलर वाचवले आणि लेक घालवली. बोलून टाक एकदाचं."

"तिने वाचवले नाहीत, होबर्ट."

"म्हणजे?"

"तू दिलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती दुकानात आली. तेच काळं घेतलं. मी पस्तीसला दिलं." ओपल टेबलावरच्या भांड्यांकडे बघत होती. "सोमवार ते शनिवार तेच लावायची."

होबर्टला सीटवरचं ते काळं आठवलं. हाताने फेकलेलं.

"मग रविवारी..."

"रविवारी तुझं. तुझ्या दारात गाडीत बसून बदलायची. मी शिव्या घातल्या तिला. म्हटलं, बापाला स्पष्ट सांग, नाहीतर मी सांगते. तर माझे हात धरले तिने. म्हणाली, 'ओपल आँटी, नका सांगू. मला त्या घरी परत पाठवलं म्हणून त्यांना रात्र रात्र झोप नाही. हे होल्स्टर दिल्यापासून जरा माणसात आलेत. आठवड्यातून एकदा दाखवलं तर माझं काय जातंय?'" ओपलने एका भांड्याचं सरकलेलं झाकण नीट बसवलं. "आणि मी म्हातारी मूर्ख, गप्प बसले."

"चामड्याचं तोंड मिटतं हे तिला..."

"माहीत होतं. म्हणाली, बोटाने उघडून धरते, अगदी सावकाश ठेवते. घाई नाही करत. दोनच मिनिटं लागतात."

होबर्टने ओट्याकडे बघितलं. भांड्यांना जागा करायला कोणीतरी बिडाचा तवा टेबलावरून तिथे सरकवला होता, त्या दिवशीचा ब्रेड त्यात तसाच, दगडासारखा झालेला. कोणाचीच तो टाकायची हिंमत झाली नव्हती. डेप्युटीने त्याला पुष्कळ काही विचारलं होतं, पण गोळी सुटायच्या आधी तू दारात येऊन काय म्हणालास, हे विचारलं नव्हतं. त्यानेही ते सांगितलं नव्हतं. आत्तापर्यंत त्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"काय झालं, होबर्ट?" ओपलने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "अरे, बोल काहीतरी."

"मी घाई केली तिला," तो म्हणाला. "जेवण निवत होतं म्हणून."