काळी काख

चूक माझीच होती. गेल्या वर्षी नव्या धक्क्याची पाहणी करायला गोविंदन साहेब बेटावर आले. आतल्या उथळ पाण्यातल्या प्रवाळात बोटाएवढा हिरवा मासा असतो, तो दाखवून त्यांनी विचारलं, "याला काय म्हणता?"

मी कुपा माशाचे तुकडे वाळत घालत होते. न बघताच म्हटलं, "चारा."

साहेबांना वाटलं, मी उपयोग सांगितला, कुपा पकडायचं आमिष. नावाची जागा कोरीच राहिली. बाहेरच्या खोल पाण्यात तसाच दिसणारा मासा मिळाला, त्याचं नाव लोकांनी काळकाखी सांगितलं. झालं! कागदावर दोन्ही एकच. बाहेर भरपूर आहे, तेव्हा धक्क्यासाठी आतलं प्रवाळ फोडायला हरकत नाही, असा अहवाल निघाला.

बाहेरच्या लाटांत जाळं टिकत नाही. आतला चारा संपला की आमच्या होड्या कुप्यामागून हात हलवत परतणार. यंदा साहेब शेवटची सही करायला आले, तेव्हा मी आडवीच गेले.

"बीफात्तुमा इत्ता," ताईला आमच्याकडे म्हणतात तसं साहेब म्हणाले, "रंग एक, आकार एक. आता कसला वाद?"

"वाद नको. गुडघाभर पाण्यात चला."

"बूट भिजतील."

"मग काढा की! पायाला चिकटवून आणलेत काय?"

ओहोटी होती. प्रवाळाच्या फांद्यांशी मी कुटलेला कुपा सोडला, मासे वर आले, जाळं उचललं. माझ्या दिरानं, आट्टकोयानं, सकाळीच बुड्या मारून बाहेरचे मासे बादलीत आणले होते. दोन्हींतला एकेक घेऊन मी काडीनं बाजूचा पर वर केला. बाहेरच्याच्या पराखाली काजळाचं बोट. आतल्याचा स्वच्छ.

"एखाद्याला डाग नसेलही," साहेब अडले.

"मग बसा. सगळ्यांच्या काखा बघू."

आट्टकोया फिदीफिदी हसला. "वहिनी, न्हाव्याचं दुकान काढलंत!"

मला हसू आलं नाही. चाळीस आतले, चाळीस बाहेरचे. एकानंही दगा दिला नाही.

साहेबांनी वही उघडली. "आतल्याचं नाव?"

मी हातातल्या माशाकडे पाहिलं. बाहेरच्याला ओळखावं लागतं, म्हणून त्याला नाव. हा तर रोजचा, घरचा. त्याला नाव ठेवायची वेळच आली नव्हती.

"चारा."

"ते काम झालं, इत्ता."

"तेच नाव. ह्याच्यावाचून बेटावर चूल पेटत नाही. लिहा. यंदा बघून सांगतेय."

साहेबांनी लिहिलं. मग ओल्या पायांनीच नकाशावर वाकून धक्क्याची रेघ खोडली.