चाललेली की चालती?

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. 'जुनी' हा शब्द माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही, कारण तरुणपणी मी फार भाव खाल्लेला आहे. दोन दारे, दोनच आसने, जमिनीला टेकते की काय असे वाटावे इतके बुटके अंग आणि पिकलेल्या लिंबासारखा पिवळा रंग. सिग्नलला उभी राहिले की शेजारच्या गाड्यांतली माणसे काच खाली करून बघत. पुढे माझाच भाव ठरवायची वेळ आली, तेव्हा मात्र माझी बोलती बंद झाली. त्याचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसे मला अजून आठवतात. एका बाईंकडे फक्त दारे बसवायचे काम होते. दार लागताना खणखणाट होता कामा नये, नुसते 'थप्प' व्हावे, म्हणून त्यांनी माझ्या बिजागऱ्या सैल करून पुन्हा पुन्हा आवळल्या. मुकादम घाई करत होता, पण बाई ढिम्म हलल्या नाहीत. आज माझ्या अंगाचे बरेच काही बदलले आहे, पण ते 'थप्प' अजून त्या बाईंचेच आहे.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. माणूस हौशी, पण हौस बघण्यापुरती. त्यांनी मला गॅरेजमध्ये मऊ कापडाखाली ठेवले. पाहुणे आले की कापड काढायचे, कौतुक ऐकायचे आणि पुन्हा झाकायचे. मलाही वाटे, यापरते सुख ते काय! पण मित्रांनो, नुसत्या कौतुकावर गाडीचे पोट भरत नाही. उभ्या उभ्या माझी बॅटरी मेली, रबरे वाळून तडकली आणि एका उंदरिणीने माझ्या इंजिनाशेजारी बाळंतपण उरकले. शेवटी डॉक्टरांची हौस फिटली आणि त्यांनी मला विकायला काढले.

त्या घरात पियानो सुरात लावायला एक बाई येत असत. घरोघरी, शाळाशाळांतून, गावोगावच्या सभागृहांतून जाऊन पियानोच्या तारा नीट करणे हाच त्यांचा धंदा. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईंनी मला पाहिले आणि साठवलेले सगळे पैसे घालून घेतले. नातेवाइकांनी तोंडात बोटे घातली. धाकट्याने तर विचारले की तुझ्या अवजारांच्या पेटीला यात जागा कुठे आहे? ताईंनी पेटी शेजारच्या आसनावर ठेवली, तिला पट्टा बांधला आणि निघाल्या.

मग काय सांगू! ज्या रस्त्यांची मी नुसती स्वप्ने पाहिली होती, ते सगळे माझ्या चाकांखाली आले. डोंगरातली वळणे, समुद्राकाठचे सरळ रस्ते, पहाटेच्या धुक्यातले पूल. दर आठवड्याला नवे गाव आणि नवा बेसूर पियानो. ताईंनी मला पळवले, पण कधी पिदडले नाही. सकाळी इंजिन सुरू झाल्या झाल्या त्या कधी पेडल जोरात दाबत नसत. "झोपेतून उठलेल्या माणसाला कोणी धावायला लावतं का?" असे म्हणत. गाडीत रेडिओ होता, पण त्या लावत नसत. त्यांना माझा आवाज ऐकायचा असे. कुठे काही कुरकुरले की दुखणे वाढायच्या आधीच त्या मला मिस्त्रीकडे नेत. तो बिचारा म्हणे, "ताई, मला तर काहीच ऐकू येत नाही." ताई म्हणत, "मला येतं ना. उघड." आणि उघडले की तिथेच काहीतरी झिजलेले निघे. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही रस्त्यात ताटकळत ठेवले नाही, याचे श्रेय माझे कमी आणि त्या कानांचे जास्त.

असे करता करता माझ्या काचेमागचा आकडा तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेला. माझ्या जातीच्या गाड्या सहसा एवढ्या चालत नाहीत. त्या कापडाखाली असतात.

आणि मग ताईंचा खुबा दुखू लागला. माझे आसन पडले जमिनीलगत. बसताना त्या दाराची चौकट धरत, उठताना ओठ आवळत. एकदा एका शाळेसमोर त्यांना माझ्यातून उठताच येईना, तेव्हा दोन शिक्षिकांनी हात धरून बाहेर काढले. हाडांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आणि पुढे उंच गाडीच वापरा असे बजावले. त्या संध्याकाळी ताई गॅरेजमध्ये आल्या आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. मला रडता येत नाही, काचेवर पाणी तेवढे उडवता येते. पण मला फार वाईट वाटले.

विकायचे ठरले आणि घरात खल सुरू झाला की किती मागायचे?

धाकट्याचे फ्रिजचे दुकान होते. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पण ताईपुढे अजून धाकटाच. बहिणीवर त्याचा भारी जीव. त्याने माझ्यासारख्या गाड्यांच्या जाहिराती शोधल्या आणि तोच भाव मागायचा असे ठरवून टाकले. ताईंनी त्याला दाखवून दिले की त्या सगळ्या गाड्या फारशा न चाललेल्या आहेत. तो म्हणाला, आकडा विचारल्याशिवाय सांगायचाच कशाला? "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"अरे, पण येणारा माणूस मूठ उघडायलाच येणार आहे ना?" ताई म्हणाल्या.

मग धाकट्याने दुसरा डाव टाकला. आधी जास्त सांगायचे, मग हळूहळू खाली यायचे. त्यावर ताईंनी एवढेच म्हटले, "तुटेपर्यंत ताणू नये. हे मला नको शिकवूस, मी रोज तारा ताणते."

दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणारा एकजण आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याची नजर मला सोसवेना. त्याने मला पाहिलेच नाही. माझी चाके पाहिली, गिअरबॉक्स पाहिला, दारे पाहिली. म्हणाला, "एवढ्या चाललेल्या अख्ख्या गाडीला कोण विचारतंय? भागांना मात्र गिऱ्हाईक आहे." आणि त्याने एक भाव सांगितला. तो अगदीच मातीमोल नव्हता. ताईंना शस्त्रक्रियेआधी पैसे हवे होते, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. माझ्या अंगातले तेल थिजले. मग त्यांनी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितले.

मित्रांनो, माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. भाव चढा ठेवला असता तर कोणी फिरकले नसते आणि मी पुन्हा कापडाखाली गेले असते. भाव पाडला असता तर मोडणाऱ्यानेच उचलले असते आणि माझे दार एका गावी, चाके दुसऱ्या गावी गेली असती. माझा जीव त्या दोन आकड्यांच्या मधे टांगलेला होता.

ताईंनी मग आपल्या पद्धतीने हिशेब केला. कमी चाललेल्या गाडीचा भाव धरला. घेणाऱ्याला लवकरच जे जे करावे लागेल, जुना झालेला क्लच, बसलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, त्याचा खर्च त्यातून वजा केला. जे नुकतेच नवे घातले होते, त्याचे थोडे परत धरले. आणि शेवटी डोळे मिटून स्वतःला विचारले, ही गाडी आज माझी नसती आणि मला घ्यायची असती, तर मी किती दिले असते? जो आकडा आला तो त्यांनी धाकट्याला सांगितला. "एवढेच मागायचे. कमी नाही, जास्त नाही." तो आकडा ऐकून मला अभिमान वाटला. तो मोठा नव्हता, पण माझा होता.

जाहिरातीवरून पुन्हा वाजले. ताईंनी लिहिले, 'भरपूर चाललेली स्पोर्ट्स कार विकणे आहे.' धाकट्याने 'चाललेली' खोडून 'चालती' केले. ताईंनी 'चालती' खोडून 'चाललेली' केले. चहा निवून गेला तरी दोघे त्या एका शब्दावर अडून बसले होते. अखेर छापले गेले ते असे: 'भरपूर चाललेली, चालती गाडी'.

फोन येऊ लागले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, किती चालली? ताई खरे सांगत आणि पलीकडचा माणूस बरं म्हणून फोन ठेवी. असे बरेच दिवस गेले. धाकट्याचा चेहरा उतरला. ताईंची शस्त्रक्रिया जवळ आली होती आणि मोडणाऱ्याचा निरोप पुन्हा येऊन गेला होता. मग एका सकाळी एका माणसाने विचारले, "कशी चालते?" ताई आधी चपापल्या. मग जे सांगायला लागल्या, ते कान दुखेपर्यंत. माझ्या खोडी आणि माझे गुण, काही म्हणता काही सोडले नाही.

तो माणूस शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, नुकताच निवृत्त झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन आला. आयुष्यभर पाठीमागे गाडीभर पोरे घेऊन मुंगीच्या वेगाने फिरलो, म्हणाला, आता एकदा वाऱ्यासारखे जायचे आहे. त्याची बायको माझ्याभोवती एक फेरी मारून आली.

पण त्याच सकाळी धाकट्याने एक घोळ घालून ठेवला होता. थंड असताना माझ्या इंजिनातून थोडा वेळ टकटक आवाज येतो, मग थांबतो. म्हातारपणीचे गुडघे म्हणा ना! गिऱ्हाइकाला तो ऐकू येऊ नये म्हणून धाकट्याने ती मंडळी यायच्या आधीच मला सुरू करून गरम केले होते. ताईंना पत्ता नव्हता. बस ड्रायव्हर आला, त्याने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्याचा चेहराच बदलला.

"गाडी उठवून ठेवलेली दिसते," तो म्हणाला. "चल गं, जाऊ या."

ताईंनी धाकट्याकडे पाहिले. तो टाचणी लावलेल्या फुग्यासारखा झाला. त्याला झापायचे सोडून ताई काठी टेकत पुढे आल्या आणि बस ड्रायव्हरला म्हणाल्या, "हे आमच्याकडून चुकलं. गाडी थंड होईपर्यंत थांबाल का? मग तुम्हीच सुरू करा."

बायकोनेच खुर्ची ओढून घेतली, म्हणून तोही बसला. अंगणात चौघे बसले. मी निवत होते आणि आतल्या आत घाबरत होते. गप्पा बसच्या झाल्या, पियानोच्या झाल्या, खुब्याच्या झाल्या. ऊन भिंतीवरून खाली उतरले तेव्हा बस ड्रायव्हरने पुन्हा बॉनेटवर हात ठेवला, मान हलवली आणि किल्ली फिरवली.

टकटक, टकटक. सगळ्या अंगणाला ऐकू गेले. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो ऐकत राहिला. ताईही ऐकत राहिल्या. हळूहळू टकटक विरली आणि माझा खरा आवाज लागला, तो भरदार, खालच्या पट्टीतला. बस ड्रायव्हर हसला.

"माझ्या बसचंही असंच होतं," तो म्हणाला. "आवाज लपवला असता तर मी गेलो असतो."

मग जे झाले ते माझ्या कल्पनेतही नव्हते. कोणी न विचारता धाकटा पुढे झाला, खाली वाकला आणि म्हणाला, "साहेब, मागचे टायर पण नवे घालावे लागतील. ताईच्या लक्षात नाही आलं, तिला वाकता येत नाही. तेवढं किमतीतून कमी करू." ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्याने झाकली मूठ शिकवली, त्यानेच ती उघडली. मला त्या क्षणी तो टकल्या फार देखणा वाटला.

बस ड्रायव्हरने टायरांचे वजा करून उरलेला आकडा मान्य केला, एक पैसाही घासाघीस केली नाही. फक्त ताईंना विचारले, "तुम्ही स्वतः एवढ्याला घेतली असती?"

"खुबा धड असता तर तुम्हाला दिलीच नसती," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी असेल. सायकल असेल, शिवणयंत्र असेल, पंखा असेल. त्याला वापरा, कापडाखाली कोंडू नका. त्याची कुरकुर वेळेवर ऐका. आणि त्याला निरोप द्यायची वेळ आली तर त्याचे दोष सांगायला लाजू नका. खरे सांगून जो भाव येतो, तो घेणाऱ्याला बोचत नाही, देणाऱ्याला बोचत नाही आणि आम्हालाही मान ताठ ठेवून जाता येते.

त्या संध्याकाळी मी नव्या मालकाबरोबर निघाले. ताई फाटकात उभ्या होत्या. मी मागच्या आरशात त्यांना धरून ठेवले होते, पण वळण आले आणि त्या सुटल्या. मोकळा रस्ता लागला, तरी बस ड्रायव्हर मुंगीच्याच वेगाने चालला होता. पुढे एक शाळा आली. शाळा केव्हाच सुटून गेली होती. त्याने मला कडेला घेतले, थांबवले आणि खांद्यावरून मागे बघत बसून राहिला. मला काही कळेना.

बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला.

"अहो, मागे कोणी नाहीये," ती म्हणाली. "जाऊ द्या आता."

तो स्वतःशीच हसला, गिअर टाकला, आणि मी सुटले.