झुंबरबाईचा रिकामा हात

"हात मांडीवर ठेवा आणि स्वस्थ बसा," बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले.

झुंबरबाई स्वस्थ बसल्या. हात बसला नाही. मांडीवर टेकताच अंगठा आणि बोट कुणी न सांगितलेला लाडू वळू लागले.

"पाहा साहेब," मुलगा उकंडराव म्हणाला, "सहा महिने झाले, असाच करून राह्यला. उद्या रोहिणखेडात कोकिळाचा चुडा भराचा हाये. तिची माय पुष्पाबाई म्हन्ते, नवरीच्या हातावर एक जरी बांगडी वाढली तं अपशकुन. मोताळ्याचा कासार बोलावला तिनं."

नवं मराठी राज्य होऊन पाच वर्षं झाली होती. रोहिणखेडात बांगडी मात्र अजून फुटत नसे, वाढत असे. चाळीस वर्षांत झुंबरबाई कासारणीनं एकाही नवरीची वाढवली नव्हती. आता गाव त्यांची कला मांडीवर कापणाऱ्या हातावरून जोखू लागलं होतं.

डॉक्टरांनी बोट पुढे केलं. "याला बोट लावा. आता स्वतःच्या नाकाला. पुन्हा याला."

बोट सावकाश, पण सुईत दोरा जावा तसं गेलं नि आलं. डॉक्टर पास झाल्यासारखे खूष झाले.

"कंपवातच आहे. पण छोटा मेंदू ठणठणीत!"

"म्हंजे मले दोन हायत?"

"सगळ्यांनाच असतात. छोटा मागे, मानेच्या वर. हाताचा नेम तो सांभाळतो. तो बिघडला असता तर काम करताना हात थरथरला असता. तुमचा रिकामा असताना कापतो."

"हेच तं मी पुष्पाबाईले सांगून राह्यली. तिले एकच असन."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. "मुंबईत शस्त्रक्रियाही होते. छोट्या मेंदूचे निरोप ज्या नाक्यावरून मोठ्याकडे जातात, तिथली जरा जागा निकामी करतात. कंप थांबतो."

"जाऊ माय," उकंडराव म्हणाला.

"अन् निरोप?"

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "बहुतेकांचं ठीक असतं. एखाद्याचा नेम जातो."

"मंग राहू द्या. रिकामा असला का कापते नं? तं मी त्याले रिकामा ठेवनच नाही."

दुसऱ्या दिवशी त्या बांगड्यांची टोपली घेऊन बोलावण्याशिवाय पुष्पाबाईच्या ओसरीवर जाऊन बसल्या. मोताळ्याचा कासार चहा पीत होता.

"काऊन आल्या बाई?" पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमचा हात पाह्यला का धडकी भरते."

"मंग हात काऊन पाहता? बांगड्या पाहा."

"अन् वाढली तं?"

"तं ही टोपली इथंच ठेवन. मंग या गावात बांगडी भरनार नाही."

पुष्पाबाई काही बोलायच्या आत कोकिळानं हात पुढे केला. "भरा, आजी."

कापणारा हात पोरीच्या हाताशी पोचला, तिची बोटं त्यानं मुठीत धरली, आणि गप्प झाला. पहिली हिरवी बांगडी सांध्यावर अडली. जमलेल्या बायकांचं सुपारी चघळणं थांबलं. झुंबरबाईंनी पोरीचा अंगठा आत दाबला. बांगडी मनगटावर आली. मागोमाग बाकीच्या आल्या. मग दुसरा हात. एकही वाढली नाही. मोताळ्याच्या कासारानं कप खाली ठेवला आणि आपल्या टोपलीवर फडकं टाकलं.

रिवाजाप्रमाणे कोकिळा पाया पडली. झुंबरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद देणाऱ्या हाताला तसं काम काहीच नसतं. टेकताच तो कापू लागला. वेणीतली अबोली थरथरली, दोन फुलं ओसरीवर पडली. कुणी हसलं नाही. झुंबरबाईंनी हात काढला नाही. कोकिळाही वाकलेलीच राहिली.