लक्ष वेधण्यासाठी

माझ्या नणंदेला बंद वॉर्डात हलवू नये म्हणून अकरा गुरुवार तिच्याजवळ तोंडातून अक्षर न काढता बसेन, असं मी देवाला बोलले होते. तुम्ही शेजारच्या, घरातल्यासारख्या, म्हणून सांगते.

बेबी पन्नाशीची, पण समज तीन वर्षांच्या पोरीएवढी, आणि बोलणं मुळीच नाही. सासूबाई गेल्यावर तिला संस्थेत ठेवावं लागलं. तिथल्या दिवाणखान्यात भिंतीला लागून रेक्झिनच्या खुर्च्या आहेत आणि खिडकीपाशी एक वेगळी, जाड गादीची. चारचा चहा आला की बेबी कुणाच्या तरी तोंडावर झडप घालायची. तिच्या वागण्याच्या नोंदवहीत तीन रकाने होते: काय केलं, का केलं, काय करायचं. दुसऱ्यात दरवेळी ‘लक्ष वेधण्यासाठी’ आणि तिसऱ्यात ‘दुर्लक्ष’. तिचा हात उठला की सगळ्यांनी दाराकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियमच होता. या नोंदी थांबल्या नाहीत तर डॉक्टर तिला बंद वॉर्डात हलवणार होते.

“नाटकं हो वहिनी,” तिला सांभाळणाऱ्या मावशी म्हणायच्या. “बघितलं की चेव येतो तिला. तुमचं मौन आणि हिचा दंगा, नणंद-भावजयीचं बरोबर जमलंय.”

मी नुसती मान हलवायची.

बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस बघतच बसतो. पाचव्या गुरुवारी माझ्या ध्यानात आलं की मावशींचे सगळे ओरखडे हनुवटीखाली, एकाच बाजूला होते. बेबी ओरबाडत नव्हती. लहान मुलाला चांदोबा दाखवताना आपण हनुवटी धरून तोंड वळवतो ना, तशी ती प्रत्येकाचं तोंड वळवत होती, खिडकीपाशच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे. म्हणजे वहीत खोटं काही नव्हतं. लक्षच वेधायचं होतं तिला, फक्त कशाकडे, ते कुणी लिहिलं नव्हतं.

चहा आला, सगळे दाराकडे वळले, मी मात्र त्या खुर्चीकडे बघत राहिले. बेबीचा उठलेला हात खाली आला. मावशी म्हणाल्या, “बघा, दुर्लक्ष केलं की कशी शहाणी होते.”

पुढचे सगळे गुरुवार मी तशीच बघत बसले, आणि बाकीच्या दिवशीही, नवस नसताना, चारच्या आधी जाऊन बसायला लागले. वहीत ‘वर्तन थांबले’ असं आलं, बंद वॉर्डाचं नाव निघेनासं झालं, देव पावला.

अकराव्या गुरुवारी मी आनंदाने क्षणभर बेबीकडे बघून हसले. परत वळून पाहिलं, तर खुर्चीची गादी, कुणीतरी बराच वेळ बसून नुकतंच उठल्यावर येते तशी, हळूहळू वर येत होती.

उद्यापन अजून केलेलं नाही. आता लेकीच्या बाळंतपणाला मला महिनाभर जावं लागणार, तेव्हा तेवढे दिवस तुम्ही बसाल का? चारच्या आधी जा, बोलू नका, आणि खुर्चीवरची नजर काढू नका. घाबरण्यासारखं काही नाही, सगळं नीट होतं. फक्त गादी वर येताना दिसलीच, तर मग खुर्चीकडे बघू नका. बेबी कुठे बघतेय ते बघा.